डाव्या फळीवरचं रीळ

१

महिन्याच्या पहिल्या रविवारी भाची मामाचे कान तपासायची. ती कानांच्या दवाखान्यात कामाला होती. रविवारी दवाखाना बंद आणि किल्ली तिच्याकडे, म्हणजे सगळा घरचाच कारभार. मामाने गादीसारख्या भिंतींच्या त्या चिमुकल्या खोलीत बसायचं, हेडफोन चढवायचे, हातात बटण धरायचं आणि बारीकसा 'टुं' ऐकू आला की दाबायचं. भाची काचेपलीकडे बसून कागदावर टिंबं मांडत जायची.

मामाला गल्लीत कानसेन म्हणत. हे शहर असं की दर दुसऱ्या खिडकीत कुणीतरी काहीतरी वाजवत असतं. रस्त्याने जाता जाता कानसेन सांगायचा, तिसऱ्या मजल्यावरच्या व्हायोलिनची एक तार उतरली आहे. वर जाऊन बघावं तर खरंच उतरलेली असायची. अशा माणसाला साठीनंतर कानांची परीक्षा द्यावी लागणं म्हणजे पोहणाऱ्याला बादलीत उभं करण्यासारखंच होतं. म्हणून तो चक्क चोरी करायचा. आवाज येवो न येवो, ताल मोजून बटण दाबायचा.

"मामा, मी आवाज दिलाच नव्हता. दाबलंस कशाला?"

"आला मला."

"खोटं बोलू नकोस. वरचे बारीक आवाज गेलेत तुझे. कुणी कुजबुजलं, कुणी श्वास घेतला, हे तुला आता ऐकू यायचं नाही."

"मग उरलं काय?"

"माझी बडबड उरली की!" भाची हसली आणि तिने खोलीचं दार उघडलं. "चल, आज पाच वाजता तुला गाणं ऐकायला नेते. दोघं जण आहेत, यंत्रांवर वाजवतात. सगळं तिथल्या तिथे, आपल्यासमोर."

"यंत्रांवरचं गाणं म्हणजे मिक्सर लावायचा आणि टाळ्या पिटायच्या. मी नाही येत."

"जागा तर ऐक. तुझा जुना स्टुडिओ आहे. दोन नंबरचा."

बटण अजून त्याच्या हातात होतं आणि ते त्याने उगीचच एकदा दाबलं.

२

स्टुडिओ नंबर दोनमध्ये त्याची तीस वर्षं गेली होती. साबण, छत्र्या, चपला, डोकेदुखीच्या गोळ्या, जगातल्या यच्चयावत वस्तूंच्या जाहिरातींची गाणी तिथे ध्वनिमुद्रित होत. काचेच्या आतल्या बाजूला यंत्रांपाशी कानसेन आणि बाहेर माईकपुढे त्याची बहीण. तिला सगळे धाकटी म्हणत, अगदी स्टुडिओचे मालकसुद्धा. दाढदुखीने गाल टम्म सुजलेला असताना तिने एकदा दंतमंजनाचं गाणं म्हटलं होतं. मालक खूश होऊन म्हणाले, "वा! हसू ऐकू येतंय!" धाकटी काचेतून दादाकडे बघत डोळ्यांतलं पाणी पुसत होती, आणि दादा हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी होता.

काय दिवस होते ते! दुपारी चार वाजता गच्चीवर सगळे वादक चहाला जमायचे आणि कुणाचं कौतुक करायचं झालं तर शिव्या देऊनच करायचे. आपण सुखात आहोत हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. कानसेनाच्याही नाही.

धाकटीच्या दोन खुणा होत्या. एक तिची चप्पल. उजव्या चपलेचा अंगठा तुटलेला आणि तो तिने तारेने बांधलेला, त्यामुळे ती जिना चढायला लागली की 'चट्, चट्-टिक्, चट्, चट्-टिक्' असं वर यायचं. दुसरी खूण तिच्या मोजण्याची. गाण्याआधी सगळे चारपर्यंत मोजतात. ती म्हणायची, "एक, दोन, तीन," आणि चाराच्या जागी पोटभर श्वास घ्यायची.

"चार कुठे गेला गं?" दादा काचेतून विचारायचा.

"गिळला," ती म्हणायची.

३

आता जे सांगायचं ते कानसेनाने कुणालाच सांगितलेलं नाही.

स्टुडिओत भिंतीला दोन फळ्या होत्या. उजव्या फळीवर गिऱ्हाइकांची रिळं असत, त्यांना हात लावायचा नाही. डाव्या फळीवर पुसून पुन्हा वापरायची. दर शनिवारी दुपारी कानसेन डावी फळी रिकामी करायला बसे. पुसायचं यंत्र म्हणजे एक लोखंडी डबा. वर रीळ ठेवायचं, बटण दाबायचं, 'घूंऽऽ' असा आवाज होई, की रिळावरचं सगळं साफ. चुकून भलतंच पुसलं जाऊ नये म्हणून त्यानेच एक नियम केला होता. आधी थोडंसं ऐकायचं. एका कानाला हेडफोन लावायचा आणि दुसरा हात बटणाकडे ठेवायचा.

धाकटी आजारी पडली तेव्हा तिची मुलगी दीड वर्षाची होती. इस्पितळात भरती व्हायच्या आदल्या दिवशी, एका शुक्रवारी, ती एकटीच स्टुडिओत येऊन गेली. डाव्या फळीवरचं एक रीळ तिने घेतलं, लेकीसाठी त्यावर एक गाणं म्हणून ठेवलं आणि ते होतं तिथेच परत ठेवलं. वापरलेली वस्तू जागच्या जागी ठेवायची, हे दोघा भावंडांच्या हाडीमांसी खिळलेलं. बाकी काही नाही, सवयीने घात केला.

दुसऱ्या दिवशी शनिवार. कानसेनाने ते रीळ लावलं. एक, दोन, तीन, मग तो श्वास. त्याला वाटलं, साबणाच्या गाण्याचा जुना टेक असेल. आणि तेवढ्यात रिळावर लांबून कुणी पुरुष ओरडल्याचा आवाज आला. शब्द कळले नाहीत. टेकची वाट लागली, आता हे ठेवून काय उपयोग, असं म्हणत त्याने बटण दाबलं. शिवाय खाली जाऊन दरवानाला झापलं, की आत काम चालू असताना बोंबलायचं नाही. दरवान शपथेवर सांगत होता की मी नव्हतो. बिचारा आठ दिवस फुगून बसला होता.

सोमवारी इस्पितळात धाकटी म्हणाली, "दादा, डाव्या फळीवर माझं एक रीळ आहे. बाळासाठी गाणं म्हटलंय. जपशील ना?"

"जपलंय," दादा म्हणाला.

गुरुवारी ती गेली. पुढे स्टुडिओ मोडला तेव्हा उजव्या फळीवरचंही सगळं भंगारात गेलं. भाचीला त्याने लहानपणीच सांगून टाकलं, की तुझ्या आईचं रीळ होतं, पण दमट हवेने खराब झालं. तिने ते मुकाट मानलं. पंचवीस वर्षं झाली. आईचा आवाज कसा होता हे तिला माहीत नाही, आणि तरी ती दर महिन्याला मामाचे कान जपते. कानसेनाला हेच सोसत नसे.

४

जिना तोच होता. कानसेन कठड्याला धरून चढला आणि मधल्या मोडलेल्या पायरीवर पाय न देता नेमका पुढच्या पायरीवर गेला. भाची मात्र अडखळली.

"आहे वाटतं अजून," तो म्हणाला.

आत साठेक खुर्च्या गोल मांडल्या होत्या. मधे दोन टेबलं, त्यांच्यावर वायरींचा गुंता, खटके, छोटे दिवे. भिंतीवरच्या लाकडी पट्ट्या तशाच होत्या. यंत्रांच्या खोलीची काचही होती, पण पलीकडे आता मोडक्या खुर्च्यांची रास रचलेली. दारावरचा लाल दिवासुद्धा जागेवर होता. ध्वनिमुद्रण चालू असलं की तो लागायचा. आता त्याची वायर कापून टोक बाहेर लोंबत होतं. कानसेनाने हे सगळं नीट बघून घेतलं, कारण सवय.

वाजवणारे दोघं आले. एक उंच बाई आणि एक चष्मेवाला. चष्मेवाला म्हणाला, "आज सकाळी आम्ही ही खोली रिकामी असताना ध्वनिमुद्रित केली. आत कुणीही नव्हतं. आता ते इथेच वाजवणार, वाजताना पुन्हा मुद्रित करणार, मग ते वाजवणार, असं करत जाणार. वाजणाऱ्या यंत्रांची साथ असेलच. फक्त एक विनंती. मधला माईक सगळं ऐकतो. तुम्ही जे बोलाल ते पुढच्या फेरीत परत येईल."

"कळलं ना?" भाचीने मामाला कोपर मारलं. "गप्प बस."

"मला सांगतेस? अगं, नकलेची नक्कल करत गेलं तर पुढे काय होतं मला पाठ आहे. दुधात पाणी, पाण्यात पाणी. चौथ्या फेरीला नुसता गाळ उरेल बघ."

५

पहिल्या फेरीत काहीच नव्हतं. म्हणजे खोली होती. रिकाम्या खोलीलाही आवाज असतो आणि या खोलीचा आवाज कानसेनाला आपल्या आईच्या हाकेइतका ओळखीचा होता. त्याखाली बाईने एक जाड, मंद सूर धरला आणि चष्मेवाल्याने ठोका सुरू केला, मिक्सरसारखा मुळीच नाही, लांब चालत जाणाऱ्या माणसासारखा. गच्चीवरचा चहा, शिव्या, सुजलेला गाल. यंत्रांवरचं गाणं असं असतं होय, असं त्याला वाटलं आणि सकाळी केलेल्या थट्टेची लाज वाटली.

दुसरी फेरी गढूळ व्हायला हवी होती. ती झाली नाही. उलट खोलीचा आवाज स्वच्छ झाला.

कानसेन सावरून बसला. गाळण्या लावल्या असतील, त्याने स्वतःला समजावलं. आजकाल काय वाटेल ते करता येतं. पण गाळून खरखर जाते, नवं काही येत नाही. आणि इथे ठोक्याच्या मागून काहीतरी येत होतं. चट्. चट्-टिक्. चट्. चट्-टिक्. जिना चढत होतं.

त्याने आजूबाजूला पाहिलं. लोक डोळे मिटून ऐकत होते. ठोक्याचाच भाग असणार, दुसरं काय?

तिसऱ्या फेरीत पावलं खोलीत आली, टेबलांच्या जवळून गेली आणि मधल्या माईकपाशी थांबली. तिथे कुणी नव्हतं. मग एका बाईचा आवाज आला, "एक, दोन, तीन." आणि फेरी संपली.

भाची त्याच्याकडे वळली. तिचे ओठ हलले. तिची कुजबुज त्याला ऐकू येणं शक्यच नव्हतं, त्याने ती ओठांवरून वाचली. *कुणीतरी मोजतंय, मामा.*

टेबलापाशी चष्मेवाल्याने उंच बाईकडे पाहिलं. बाईने मान हलवली, मी नाही. दोघांचे हात मात्र थांबले नाहीत.

चौथी फेरी. एक, दोन, तीन. आणि चाराच्या जागी श्वास. पोटभर, ओला, थोडा थकलेला श्वास.

तो कानसेनाने ऐकला. सकाळीच त्याला सांगितलं होतं की श्वासाचा आवाज तुला ऐकू यायचा नाही. इतक्या जवळून बोललेलं भाचीचं वाक्य त्याला ऐकू आलं नव्हतं. आणि हा श्वास त्याला अगदी कानाशी ऐकू आला.

आता सांगायला हवं होतं. पोरीचा हात धरून म्हणायला हवं होतं, ही तुझी आई. त्याने तोंड उघडलंही. पण ती पुढचा प्रश्न विचारणारच. रीळ दमटपणाने गेलं होतं ना? चोराच्या मनात चांदणं. पुढच्या फेरीत गाणं येईल, पोरीला गाणं ऐकू दे, मग सांगू, असं म्हणून त्याने तोंड मिटलं. पंचवीस वर्षं तो हेच करत आला होता.

६

पाचव्या फेरीला दारावरचा लाल दिवा लागला.

कापलेल्या वायरीचं टोक तसंच लोंबत होतं आणि दिवा जळत होता. इतर कुणी तिकडे पाहिलं की नाही, कुणास ठाऊक. पावलं आली. माईकपाशी थांबली. कानसेनाची नजर आपोआप काचेकडे गेली, कारण इतकी वर्षं दिवा लागला की त्याची जागा काचेपलीकडेच होती.

खुर्च्यांची रास तिथे नव्हती. पलीकडे एक माणूस पाठमोरा वाकून उभा होता. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्याने हेडफोन एकाच कानाला धरला होता. दुसरा हात बाजूला कशाकडे तरी हळूहळू जात होता, त्या हाताला घाई नव्हती. शनिवारच्या दुपारी कुणाला असते घाई?

"एक," खोलीतला बाईचा आवाज म्हणाला.

काचेतलं प्रतिबिंब असेल. माझंच असेल. पण मी तर बसलोय.

"दोन. तीन."

श्वास. या वेळी तो भरला गेला, छातीत थांबला, आणि गाण्याचा पहिला सूर ओठांशी येताना जी बारीक हालचाल होते ती कानसेनाला ऐकू आली. काचेपलीकडचा हात पोचला होता.

"अरे थांब! दाबू नकोस! दाबू नकोस रे!"

आपण उभे आहोत आणि ओरडलो आहोत, हे त्याला खुर्ची मागे पडल्यावर कळलं. साठ माणसं त्याच्याकडे बघत होती. भाचीने त्याचा दंड धरला. काचेपलीकडे मोडक्या खुर्च्यांची रास होती आणि लाल दिवा लागलेला नव्हता.

"असू दे काका, होतं असं," चष्मेवाला समजुतीने म्हणाला, आणि त्याने पुढची फेरी सुरू केली.

चट्. चट्-टिक्. एक, दोन, तीन. श्वास. आणि मग लांबून, भिंतीपलीकडून यावा तसा, कुणी पुरुष ओरडल्याचा आवाज. शब्द कळत नव्हते.

कानसेनाला तो आवाज पाठ होता. त्याच्यावरून त्याने एका दरवानाला आठ दिवस रुसवलं होतं. तो जमिनीवरच बसला.

त्या ओरडण्यानंतर काहीच आलं नाही. चष्मेवाला चष्मा वर सरकवत ओशाळं हसला. "हा टेक गेला. पुसून टाकू या, आणि पुन्हा खोलीपासून सुरू करू." त्याने बटण दाबलं. 'घूंऽऽ' असा लहानसा आवाज झाला.

त्यांनी पुन्हा सुरू केलं. रिकामी खोली वाजली, मग तिची नक्कल, मग नकलेची नक्कल. सगळं शहाण्यासारखं गढूळ होत गेलं. चौथ्या फेरीला नुसता गाळ उरला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

७

बाहेर अजून उजेड होता. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर कानसेन बसला आणि त्याने भाचीला सगळं सांगितलं. डावी फळी, शनिवार, एका कानाचा हेडफोन, बटण, आणि इस्पितळात म्हटलेलं 'जपलंय'. काचेपलीकडच्या माणसाचंही सांगितलं. एकही गोष्ट लपवली नाही. सांगताना तो रडला, आणि रडताना त्याला हलकंही वाटलं.

भाची त्याच्या शेजारी पायरीवर बसली होती आणि तिने त्याचा दंड सोडला नव्हता. तो वाट बघत होता, ती रागावेल. रीळ पुसल्याबद्दल, खोटं बोलल्याबद्दल. रागावली असती तर बरं झालं असतं.

"ती आई होती," भाची शेवटी म्हणाली. मग तिने स्वतःशीच म्हणून बघितलं, "एक, दोन, तीन," आणि श्वास घेतला. तो कानसेनाला ऐकू आला नाही. फक्त तिचे खांदे वर गेलेले दिसले.

"गाणारच होती ना ती? अगदी आता सुरू करणार होती."

"हो."

"मी ऐकत होते, मामा." तिने त्याच्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता. सकाळी दवाखान्यात होता तसाच साधा, विचारणारा आवाज होता. "मग तू ओरडलास कशाला?"

समोरच्या घरात दुसऱ्या मजल्यावर कुणी खिडकी उघडली. आत वाद्यं लावून होत आली होती. एक बाई मोठ्याने मोजायला लागली तशी मामा-भाची दोघांनी मान वर केली आणि श्वास रोखून धरला.

"एक, दोन, तीन, चार," बाई म्हणाली, आणि गाणं सुरू झालं.